बंद गावातली हळद

आमच्या इमारतीसमोरचा रस्ता ओलांडला की नवीन पनवेल संपतं आणि सुकापूर सुरू होतं. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नसे. टाळेबंदीत मात्र त्या रस्त्याला एकदम सीमेचं महत्त्व आलं. अलीकडे महापालिकेचे नियम, पलीकडे ग्रामपंचायतीचे. अलीकडे भाजी मिळायची, अंडी नाहीत. पलीकडे अंडी चालायची, पण ती आणायला जाणारा माणूस चालायचा नाही. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली, परिपत्रकं वाचायची सवय आहे. तरी सकाळचं परिपत्रक दुपारच्या परिपत्रकाने रद्द झालं की संध्याकाळी नेमकं काय पाळायचं हे मला उमगत नसे. ज्यांना उमगत होतं ते सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर होते.

गावाने रस्त्यावर बांबू आडवे बांधले होते आणि वर फ्लेक्स लावला होता: ‘गाव बंद आहे. घरातच राहा. अंतर ठेवा.’ खाली गावाच्या समितीतल्या सगळ्यांचे फोटो, एकमेकांना खेटून, एकाच्याही तोंडाला मास्क नाही. मधल्याने गॉगल घातला होता. निदान त्याला तरी विषाणू घाबरेल अशी अपेक्षा असावी.

त्या बांबूंपलीकडे, दुसऱ्याच गल्लीत, माझी थोरली बहीण भाड्याने राहत होती. मेहुणे गेल्यापासून एकटी. मधुमेह होता. आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, "आठवडाभरात भांडून मरू आपण. मग कोरोनाला काय काम उरेल?" रोज सकाळी फोन करून साखर किती आली ते सांगायची. त्या दिवशी फोन आला नाही. मी केला, तर नुसता वाजत राहिला. जेवायची वेळ झाली तरी तेच. तिच्या इमारतीतले बाकीचे भाडेकरू केव्हाच गावी निघून गेले होते. जरा बघून या, असं सांगायलाही कोणी नव्हतं.

"अहो, जा ना," बायको म्हणाली. "कसला नियम शोधत बसलाय?"

बांबूपाशी दोन पुरुष खुर्च्या टाकून बसले होते. एकाच्या गळ्यात शिट्टी.

"गाव बंद हाय, काका."

"माझी बहीण आहे आत. फोन उचलत नाहीये."

"बंद म्हंजे बंद. समितीला इचारा."

"समिती कुठे भेटेल?"

"हलदीला."

मला कळेना. "सध्या लग्नाला माणसं मोजूनच परवानगी आहे ना?"

"लग्नाला. हलदीला कोन मोजतंय?" शिट्टीवाल्याने मला नीट न्याहाळलं. "तुमी हलदीला आल्यात काय? हलदीच्या मानसाला अडवत नाय आमी."

"हो," मी म्हणालो. "हळदीलाच."

"मंग आदी नाय का सांगाचं!" त्याने बांबू उचलला.

गाव आगरी, आणि आगरी घरात हळद लग्नाहून मोठी, हे मला ठाऊक होतं. आजार बाहेरचा माणूस आणतो आणि हळदीला आलेला बाहेरचा नसतो, हे नवीन होतं.

शिट्टीवाला सोबत आला. आम्ही आधी ताईच्या दारात गेलो. दाराला बाहेरून कुलूप. आत पडलेली नाही म्हणून हायसं वाटलं, आणि लगेच मन दुसरीकडे गेलं: बंद गावात, या वयाची बाई, कुलूप लावून जाईल कुठे? रात्रीत अ‍ॅम्ब्युलन्स तर आली नव्हती?

"कुलूप हाय म्हंजे पायांनी गेली," तो म्हणाला. "चला मांडवात. सगला गाव तिथंच हाय."

मांडवात डीजे होता, पण आवाज कमी. टाळेबंदीचा मान राखला होता. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर आणि पिवळे. एका कोपऱ्यात जात्याभोवती पाच बायका हळद दळत होत्या. त्यातली एक माझी बहीण.

"आलास?" ती म्हणाली. जणू मला बोलावणं होतं.

"फोन कुठाय?"

"घरी. हळदीत कशाला आणायचा?"

"मला वाटलं तू..."

"मेले. दिसतंय तोंडावर."

मग कळलं ते असं. नवरदेवाच्या मावश्या जासई आणि कोन या गावांत अडकलेल्या. हळद दळायला पाच सवाष्णी लागतात आणि घरात भरल्या चारच. सकाळी घरमालकीण ताईला न्यायला आली.

मी वाकून हळूच म्हटलं, "ताई, सवाष्ण लागते ना? त्यांना माहीत नाहीये का?"

"मी पहिलं तेच सांगितलं."

"मग?"

तिने हनुवटीने पलीकडे दाखवलं. गाणी म्हणून लग्न लावणारी म्हातारी धवलारीण तिथे बसली होती. तिने कडवं संपवलं. "भाऊस काय हिचा? मंग बस की. लई इचारतोस."

एवढंच उत्तर मिळालं. अडचण म्हणून चालवून घेतलं, की त्यांच्यात हे चालतंच, की त्या वर्षी कोणालाच कशाचं काही वाटेनासं झालं होतं, मला अजून माहीत नाही.

"ताई, गर्दी आहे. तुला साखर आहे. घरी चल."

"गर्दी मला दिसते," ती म्हणाली. जात्याचा खुंटा तिने सोडला नाही. "आपल्यातल्या लग्नांत मला कुठे बसवतात, पाहिलंयस ना? मागच्या खुर्चीत, पंख्याखाली. थंड वारा लागावा म्हणून." समोरची बाई हसली, हीही हसली, आणि जातं पुन्हा फिरू लागलं.

तिला हाताला धरून उठवावं की गप्प राहावं, ठरेना. मी मांडवाबाहेर, उन्हात, एका खुर्चीवर मास्क वर ओढून बसलो. कोणीतरी येऊन गालाला हळद फासून गेलं.

नंतर बरेच दिवस ताई फोनवर साखरेच्या आधी ताप सांगायची. ताप आला नाही. म्हणून तिचं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. तिला उठवायला हवं होतं, हेही मला कधी म्हणवलेलं नाही.