बिनचेनची सायकल

जुन्या सायकलच्या चेनने माझ्या दोन साड्या खाल्ल्या, म्हणून आमच्या ह्यांनी मला बिनचेनची सायकल आणून दिली. तिच्यात पेडलपासून मागच्या चाकापर्यंत बंद नळीतून एक दांडा फिरतो. "चेनच नाही, तर उतरणार काय?" असं हे येईल त्याला ऐकवायचे. खरंच, तेल नाही, डाग नाही, आवाज नाही. पण होती भलतीच जड. चढावर जीव काढायची. तसं म्हटलं की ह्यांचा चेहरा पडायचा, म्हणून मी गप्प बसायचे.

मुलीच्या दहावीच्या पेपराला तिला मागे बसवून मी हिमायतनगरच्या घरून आबिड्सच्या परीक्षा केंद्रावर निघाले. वाटेत नळीतून कडकन आवाज आला आणि पेडल नुसतंच गरगर फिरू लागलं. मागे बस हॉर्न मारत होती. कशीबशी सायकल कडेच्या पंक्चरवाल्यापाशी नेली. त्याने वाकून पाहिलं आणि तो मागे सरला. "अम्मा, इसकू हात नै लगातूं मैं."

"आई, कर ना काहीतरी! गेट बंद करतील!" मुलगी रडकुंडीला आली. चेन उतरली असती तर काडीने चढवून मी केव्हाच निघाले असते. इथे चढवायला काही नव्हतंच. एकही ऑटो थांबेना. सायकल तिथेच टाकून आम्ही पळत सुटलो. गेट बंद होता होता ती आत शिरली.

मी धापा टाकत होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "पोचलात? साडीला डाग नाही ना?"

"साडीला काही झालं नाही," मी म्हटलं. "सायकल पंक्चरवाल्यापाशी पडलीय. ढकलत घरी आणा, म्हणजे तिचं वजन कळेल तुम्हाला."