सवलतीपुरतं भाडं

देवासात माझं भांड्यांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर टॅक्सवाले वकीलसाहेब बसतात, त्यामुळे जिना चढण्याआधी लोक आमच्या बाकावर टेकतात. मार्चमध्ये इतके किस्से साठतात की भांडी मांडायला जागा उरत नाही! हल्ली मात्र मला एकाच घरातले आठवतात.

विश्वास माझा शाळेपासूनचा दोस्त, कारखान्यात नोकरीला. पगारात घरभाडं भत्ता, आणि राहतो आईच्या नावावरच्या घरात. वकीलसाहेब माळवी थाटात म्हणाले, "भिया, आईला भाडं द्या. खरंच द्या, बँकेत. भत्त्यावर सूट मिळेल."

आईसाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पोटच्या पोराकडून भाडं घ्यायचं? शेवटी कायद्यातच तसं आहे म्हटल्यावर मानल्या.

*

पुढं घरातला नळ गळू लागला. विश्वास गमतीनं म्हणाला, "मालकीणबाई, दुरुस्ती तुमच्याकडे." आईसाहेबांनी खरंच प्लंबर बोलावला, घासाघीस केली, पैसे दिले. वर मुलाला ऐकवलं, "भाडेकरूनं नळ इतका आवळायचा नसतो."

*

आधी आईसाहेब दुकानात यायच्या त्या नवऱ्याबरोबर, नंतर मुलाबरोबर. त्या बोट दाखवायच्या, भाव पुरुष विचारायचे. आता एकट्या रिक्षानं आल्या आणि नातीसाठी पितळेची भातुकली निवडली, चांगली वजनदार. मी सवयीनं म्हणालो, विश्वासला एकदा विचारू का?

"का? घर कोणाचं आहे?"

*

त्यांची धाकटी बहीण धारला असते, बरेच दिवस अंथरुणावर. तिचा फोन आला की आईसाहेब परस्पर बसमध्ये बसायच्या. विश्वासला कळायचं ते त्या धारला पोचल्यावर. बाकावर येऊन सांगायचा, "आमची मालकीण दौऱ्यावर आहे."

*

मग कराची नवी पद्धत आली. दर कमी, पण भाड्याची सूट नाही. वकीलसाहेबांनी दोन्ही हिशेब मांडले, विश्वासला नवी फायद्याची निघाली. भाडं बंद झालं.

मी विचारलं, आईसाहेबांचं काय? तो खरोखर चकित झाला. "अरे, मागतील ते देतोच ना मी! आई आहे माझी."

तेही खरंच होतं. वाईट मुलगा असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

*

परवा तो त्यांना स्कूटरवर घेऊन आला. "आईसाहेब, हवं ते घ्या, संकोच करू नका," म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर थांबला. त्यांनी घट्ट झाकणाचा एक डबा उचलला. यात पेज धारपर्यंत गरम राहील का, विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी किंमत पाहिली, बाहेर मुलाकडे पाहिलं, आणि डबा जागच्या जागी ठेवला.

मी हळूच विचारलं, बऱ्याच दिवसांत धारला गेला नाहीत?

पदर सावरत त्या म्हणाल्या, "कशी जाऊ? माझा भाडेकरू सोडून गेला रे."