हात हलवा, दिवे लागतील

आर्किटेक्टच्या ऑफिसात किस्से फार साठतात. आमचं काम उभं राहतं, सगळ्यांना दिसतं आणि ज्याला त्यात दिवसभर बसावं लागतं, तो बोलल्याशिवाय राहत नाही. त्यात हे पुणं!

हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या आणि कर्वेनगरात बंगले काढणारे आम्ही एकदम कॅम्पस काढायला लागलो. बॉस देवधर सर. शब्दाला महाग माणूस.

* * *

पहिल्याच कंपनीला पर्यावरण जपणाऱ्या इमारती हव्या होत्या. मी जीव ओतून मॉडेल केलं. भोवती स्पंजची हिरवीगार झाडं लावली. सरांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"झाडं छान झालीत."

मी फुललो!

"अजून थोडी लावा. बिल्डिंग दिसतेय."

* * *

कंपनीतर्फे सगळं बघायच्या कुलकर्णी मॅडम. त्या आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनला आल्या. मी नैसर्गिक वाऱ्यावर रंगात येऊन बोललो. खिडक्या अशा, सावली अशी, एसी फारसा लागणारच नाही!

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विषय छान आहे. जरा तुमचा एसी बंद करता का? आवाजात काही ऐकू येत नाहीये."

* * *

वीज वाचावी म्हणून आम्ही सेन्सर बसवले. माणसाची हालचाल थांबली की दिवे आपोआप बंद. मला केवढा अभिमान!

ऑफिस सुरू झाल्यावर आठवड्याभरात मॅडमचा फोन.

"अहो, आमची मुलं मान खाली घालून काम करतात, तेव्हा अंधार होतो. मग कोणीतरी उठून हात हलवायचे. आणि टाइमपास करत हिंडतात, तेव्हा लख्ख उजेड!"

"सेटिंग बदलतो मॅडम."

"कोणाचं? आमच्या मुलांचं?"

* * *

दोन इमारतींना जोडणारा पूल ही माझी खास कल्पना. "इथे माणसं भेटतील, विचारांची देवाणघेवाण होईल," असं मी ड्रॉइंगवर लिहिलंही होतं. सर वाचून नुसतेच हसले होते.

आणि खरंच, त्या पुलावर एक मुलगा आणि एक मुलगी भेटले. वर्षभरात लग्न! मला आणि सरांना आग्रहाचं आमंत्रण. मी स्टेजवर जाऊन, सरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पुलावर पहिल्यांदा काय बोललात?"

नवरी लाजली. "मी विचारलं, कँटीन कुठे आहे? हा म्हणाला, मीही मघापासून तेच शोधतोय."

* * *

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगा नेमकं काय करतो, हे त्यांना कधी नीट कळलं नाही. "चित्रं काढतो," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे. एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "चल, दाखव तुझं काम." मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून थेट कॅम्पसच्या गेटवर नेलं.

गेटवर नवा वॉचमन, परभणीकडचा. "कुणाला भेटायचं हाय?"

"कोणाला नाही. मी आर्किटेक्ट. ही बिल्डिंग मी केलीय. वडिलांना दाखवायचीय."

"थांबा, आत इचारतो."

त्याने केबिनमधून फोन लावला. बाबा काचांकडे बघत उभे होते. शर्टाचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं.

वॉचमन बाहेर आला.

"साहेब, इचारलं. बिल्डिंग हाय म्हणतेत त्यांच्याकडं. दुसरी नको."