थोडा कार्बन राहू द्या

बायकोच्या डोक्यात गाठ निघाली, तेव्हा नागपुरातल्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीने ती सार्वजनिक मालमत्ता मानली. गाठ साधी होती, मेंदूच्या आवरणावरची. पण डाव्या बाजूला. म्हणजे उजवा हात आणि बोलणं, दोन्ही पणाला. मी हाताचीच काळजी करत राहिलो. ती बोलायची थांबली तर घरात काय उरेल, हा विचार पुढे ढकलला.

सोसायटीच्या बागेत योगवर्ग घेणारे गुरुजी निवृत्त अधिकारी आहेत. दहा-बारा माणसांसाठी ते माइक वापरतात. मेंदूत घाण वायू साचलाय, जोरजोरात श्वास टाकून तो बाहेर फेका, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. तेव्हापासून बायको रोज सकाळी भात्यासारखी फुंकू लागली. मी काही बोललो की, "तुमाले सगळंच मालूम राहते," एवढं म्हणून पुन्हा सुरू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी तिने हे जरा जास्तच मनावर घेतलं. मी चहा घेऊन गेलो तर बोटं आखडलेली, कप धरवेना.

"अहो, मुंग्या येऊन राहिल्या. तोंडालेही. हात गेला का माहा?"

तिला भूल देणारी डॉक्टर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. मी जिना कसा चढलो आठवत नाही. ती डोक्याला तेल लावलेल्या अवस्थेत, तशीच घरच्या चपलांवर खाली आली.

"काकू, मुंग्या कोणत्या हाताला?"

"दोन्ही."

"गाठ एकीकडे आणि मुंग्या दोन्हीकडे? सकाळपासून काय केलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"फुंकलं," ती म्हणाली. "घाण वायू काढून राहिली होती."

डॉक्टर तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. "आता हळू. माझ्यासोबत. घाई काहून करता?" दोघी शांतपणे श्वास घेत बसल्या. चहा गार झाला. हळूहळू बोटं उलगडली.

"ज्याला तुम्ही घाण म्हणता ना, तो कार्बन डायऑक्साइड मेंदूला लागतो," डॉक्टर म्हणाली. "तो फार काढला की रक्तवाहिन्या आवळतात, मेंदूला रक्त कमी पडतं."

"मंग उद्या?"

"उद्या तुमचा श्वास मशीन घेईल आणि मशीनकडे मी पाहीन. कार्बन वाढला तर मेंदू फुगतो, सर्जनला जागा मिळत नाही. कमी झाला तर मेंदू उपाशी राहतो. मधे ठेवायचा. माझं कामच ते."

"तू झोपणार नाहीस ना वं?"

"नाही काकू. झोपायचं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सर्जन आले. पुढे एक, मागे तिघं, अशी मिरवणूक होती. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी मला धीर दिला. ते माणूस चांगले आहेत, फक्त एकटे चालू शकत नाहीत. त्यांच्यामागून आमची डॉक्टर आली, मान हलवली आणि आत गेली. मला धीर आला तो त्या मानेने.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा टोपीच्या रबराचा वळ कपाळावर होता. "मधे मेंदू जरा फुगल्यासारखा वाटला सरांना. थोडा वेळ श्वास वाढवला, कार्बन उतरवला. जागा झाली तसा परत होता तिथे आणला. गाठ पूर्ण निघाली. पण हात आणि बोलणं काकू जाग्या झाल्यावरच कळेल."

आयसीयूत बायकोचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत होतं. डॉक्टरने तिच्या उजव्या हातात आपला हात दिला. "काकू, दाबा." बोटं मिटली. "अजून जोरात." डॉक्टरने खोटंखोटं "आई गं" केलं.

"आता सांगा, हे कोण?"

बायको माझ्याकडे पाहत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मी पलंगाची दांडी धरली. डॉक्टरने घाई केली नाही.

"यायले सगळंच मालूम राहते," बायको घोगऱ्या आवाजात म्हणाली. "यायलेच इचारा."