भरल्या गाडीचं माप

“रिकाम्या गाडीचं माप मी घेत नसतो. आधी माणसं भरा, मंग बोला.”

हूडवाला तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर हे वाक्य फेकायचा. इचोड्याच्या रस्त्यावर जुन्या जीपगाड्यांचे कापडी हूड शिवणारा हा एकटाच. एकटा होता म्हणून चाललं. दुसरा असता तर याला कुत्र्यानंही विचारलं नसतं, असं मी तेव्हा म्हणायचो.

त्याचं म्हणणं असं की रिकामी जीप वेगळी आणि भरलेली जीप वेगळी. माणसं बसली की खालचे स्प्रिंगचे पाटे दबतात, कमानी फाकतात, डोकी कापडाला ढुसण्या देतात. म्हणून माप हवं असेल तर आधी बारा माणसं जमवून आणायची. मी लिलावातली जुनी जीप घेतली तेव्हा तिला नुसत्या लोखंडी कमानी होत्या, वर आभाळ. मी बसस्टँडवरून हातापाया पडून बारा जण आणले. हा त्यांना वऱ्हाड बसवावं तसं बसवत होता. “तुमी जाडे हाव, मागं जा. मास्तर, मान वर करा, वर्गात बसल्यासारखे बसू नका.” त्यातला एक जण निर्मलला जाणाऱ्या बससाठी थांबलेला होता. बस आली आणि डोळ्यासमोरून गेली. तो बिचारा ओरडायला लागला, तर हा म्हणतो, “बस रोजच जाते. माप रोज होत नाही.”

टेप त्याच्याजवळ नव्हता. एक सुतळी होती, तिला गाठी मारायचा. कोणती गाठ कोणाच्या गाडीची हे फक्त त्यालाच माहीत, आणि माझ्या मते त्यालाही नाही. कधी मिळेल विचारलं की “बुधवारी.” कोणत्या बुधवारी ते त्यानं कधी सांगितलं नाही.

पण तुम्ही त्याला पावसाळ्यात पाहायला हवं होतं. स्वतः शिवलेल्या हुडाची जीप दिसली की रस्त्यात आडवा व्हायचा, घागर आणायचा आणि आत माणसं बसलेली असताना वरून ओतायचा. आतल्या बायका किंचाळायच्या. हा खाली वाकून विचारायचा, “आला का थेंब? आला असन त सांगा, माय!” थेंब खरंच यायचा नाही. मेण पाजलेलं जाड कापड, मेण लावलेला दोरा आणि दुहेरी शिवण. गुण म्हणावा तर एवढाच होता. नागपूरचा शिवलेला हूड दिसला की त्याला हात लावून म्हणायचा, “चाळणी हाय. पीठ चाळा.”

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिला दमा. तिचं माहेर बेज्जूरच्याही पुढं, प्राणहिता नदीकडं. धुळीच्या रस्त्यानं जीव घाबरा व्हायचा म्हणून दोन वर्षं गेली नव्हती. माझा जुना हूड तोवर फाटून झालर झाला होता. त्या साली तिच्या थोरल्या भावाचा निरोप आला. अंथरुणाला लागला होता. निरोप एवढाच : ‘या भाऊबीजेला ये. पुढच्या भाऊबीजेचं मी सांगत नाही.’

ती कधी काही मागायची नाही. त्या दिवशी म्हणाली, “मले न्या.”

मी हूडवाल्याकडं गेलो. चारी बाजूंनी बंद पाहिजे, धुळीचा कण आत यायला नको, आणि भाऊबीजेच्या आधी पाहिजे.

“बसन कोण?”

“बायको.”

“मंग तिले आणा.”

ती आली, मागच्या बाकावर बसली. हा सुतळी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, “वहिनी, खोका.”

“काय?”

“खोका म्हन्तो. खोकताना माणूस पुढं वाकते. डोकं कुठवर जाते ते पाहू द्या.”

ती हसायला लागली, हसता हसता खरंच खोकला आला, आणि यानं शांतपणे सुतळीला गाठ मारली. मला वाटलं याच्या कानाखाली द्यावी.

आठ दिवसांत हूड तयार झाला. सगळा बाजार चकित. नवा करकरीत हूड, मागं प्लास्टिकची खिडकी, बाजूला बटणांचे पडदे. तिला आत बसवून यानं सगळे पडदे लावले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “आता धूळ काय, धुळीचा बापही येत नाही.”

वर ऊन होतं. नव्या कापडाचं मेण तापलं, त्याचा वास आत कोंडला. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. थोड्या वेळात आतून कापडावर थापा पडायला लागल्या. मी बटणं ओढली. त्यानं ती इतकी घट्ट लावली होती की निघेनात. त्यानं सुरी घेतली आणि आपलाच नवा हूड वरून खालपर्यंत फाडला. ती बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते.

मी भर बाजारात बोललो. “तुले हूड शिवता येत नाही. तू कफन शिवत बस.” तो खाली बसून फाटलेला हूड गोळा करायला लागला. त्याची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तीन दिवस दुकान बंद. मी घरी सांगून टाकलं, यंदा जाणं होत नाही. ती नुसती चूल फुंकत राहिली. चुलीसमोर तिनं बसायला नको होतं, पण मी तेही बोललो नाही.

मग कोणी तरी हसत सांगितलं, तुमचा हूडवाला नाल्यावर धोबी झाला. जाऊन पाहतो तर खरंच. सगळ्या शिवणी उसवलेल्या, मोठ्या पितळी गंजात सोड्याचं पाणी उकळतंय आणि हा ते जाड कापड दगडावर आपटतोय. नाल्याच्या पाण्यावर मेणाची साय तरंगत होती. आपटायचा, नाक लावून हुंगायचा, पुन्हा आपटायचा.

“हे काय करून राह्यला?”

“दिसत नाही का? धुणं.”

“मेण गेलं त पाणी कसं थांबन?”

“नाई थांबत.”

“मंग?”

“पाण्यानं कोणी मरत नाही. वासानं मरते, पाह्यलं ना तुमी?” आणि कापड पुन्हा दगडावर आपटून, “वहिनीले सांगू नका. ती म्हणन, माह्यासाठी चांगला हूड काऊन खराब केला.”

कापड धुऊन वीतभर आटलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी हूड चढवला तेव्हा मधोमध एक विटकी निळी पट्टी होती. दुकानापुढचा पडदा कापून लावली होती. बाजार हसला. तो म्हणाला, “हसा. दात दिसतात, तेवढीच दिवाळी.”

उटनूर, असिफाबाद, कागजनगर, बेज्जूर. ती पोचली. मध्ये एकदा थांबलो, ती पाणी प्यायली, बस. भावाला दोन उशा लावून बसवलं होतं. तिनं ओवाळलं. दोघं बहीण-भाऊ रडायला लागले, मी बाहेर जाऊन गाडीचे नट आवळत बसलो. घट्टच होते.

परतताना असिफाबादच्या अलीकडं अवकाळी पाऊस लागला. हूड गळला म्हणणं कमीच आहे. ती डोक्यावर फराळाचं ताट धरून बसली आणि हसत होती. म्हणाली, “त्याले सांगू नका बरं. लाजेनं मरन थो.”

इचोड्यात हा रस्त्यावरच उभा.

“वहिनी पोचल्या?”

“पोचली.”

“तिकडं पाऊस झाला म्हन्तेत.”

“झाला.”

“मंग?”

“थेंब नाही आला.”

तो माझ्याकडं वाकड्या शिवणीकडं पाहावं तसं पाहत राहिला. “खोटं बोलाचं होतं त सदरा तरी वाळवून याचं, भाऊ.”

तिचा भाऊ माघात वारला. पुढच्या पावसाळ्यात माझ्या जीपमधले लोक भिजले आणि गावभर झालं, हूडवाल्याच्या हातातलं कसब गेलं. गिऱ्हाइकं नागपूरच्या रेक्झिनकडं गेली. मेण का धुतलं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. तिनं गप्प राहायला सांगितलं, त्यानं गप्प राहायला सांगितलं, आणि मला गप्प राहणं सोयीचं होतं. दुसरा हूड शिवून घ्यायचं माझ्याच्यानं होईना, हे कोणाला सांगायचं?

शेवटी तो बेल्लमपल्लीला, खाणीत काम करणाऱ्या जावयाकडं निघाला. तिथंच वारला, मला नंतर कळलं. माझी बायकोही गेल्या वर्षी गेली. पण त्याला मी जीपनं बेल्लमपल्लीला पोचवलं तो दिवस सांगतो.

शिलाई मशीन पायाशी घेऊन तो मागं बसला होता, आणखी नऊ-दहा माणसं होती. भरपूर पाऊस. निळ्या पट्टीच्या शिवणीतून धार थेट त्याच्या डोक्यावर. शेजारी धोतराचा सोगा पिळत एक म्हातारा ओरडला, “कोन्या गाढवानं शिवला हो हा हूड?”

“होता एक,” हा म्हणाला. “मेला.”

मी तोंड उघडलं. आरशात त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मी समोर पाहून गाडी हाकत राहिलो. बायको त्या दिवशी घरी होती. ती गाडीत असती, तर त्या म्हाताऱ्याला तिनं भर पावसात खाली उतरवलं असतं.