दाळ शिजेल तिथवर

बोअरच्या मशीनवर किस्से लय साठतात, कारण मशीन चालू असलं की बघत बसायचं अन् बोलायचं, दुसरं काम नसतं. महाराष्ट्र नवा होता, माझी नोकरीही नवी होती. जमिनीखाली कोणता थर आहे, त्यात पाणी किती, गोड की खारं, हे बोअर पाडता पाडताच सांगायचं, हे माझं काम. अन् मी सांगायचो, छातीठोक.

*

गाव पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही अन् तुरीची दाळ शिजत नाही. सरपंच किसनरावांची बायको यमुनाबाई चुलीवर दाळ ठेवून खुशाल शेतात जाऊन यायची, तरी दाणा टणकच. त्यांची सून मीरा गोड पाण्याच्या डोणगावची. ती कंटाळून माहेरी गेली अन् तिथून निरोप धाडला, "तिथं दाळ शिजली की येईन."

किसनराव मला म्हणाले, "साहेब, गावाचं राहू द्या. माह्या पोराचा संसार तुमच्या हाती हाय."

मी म्हटलं, "बोलावणं पाठवायची तयारी ठेवा."

*

आमचा ड्रिलर उस्मानभाई रोहिणखेडचा. दोराला टांगलेली जड छिन्नी वरखाली आपटत मशीन जमीन फोडायचं अन् हा दोरावर हात ठेवून उभा राहायचा. खाली माती आहे की रेती, ते त्याला हातालाच कळायचं.

एकदा किसनरावांनी हौसेनं दोर धरला.

"काय लागून राह्यलं, पाटील?" उस्मानभाईनं विचारलं.

"थरथर लागून राह्यली."

"म्हंजे खाली रेती हाय?"

"नाही बे. माहे गुडघे हायेत."

*

प्रत्येक थराचं पाणी मी जिभेवर घेऊन पाहायचो. त्यासाठी माझं तिखट, पान, सुपारी, सगळं बंद. पहिल्या रेतीला पाणी लागलं तेव्हा अख्खं गाव ओंजळी भरून प्यायलं. "गोड हाय!" म्हणत एकजण पेढे आणायला सायकलवर बसलासुद्धा.

मी चाखलं अन् थुंकलो. चांगलंच खारं होतं.

"आमच्या विहिरीपरीस तं गोडच हाय," किसनराव म्हणाले. ते खरंच होतं. जन्मभर खारं पिऊन त्या गावची जीभच तशी झाली होती.

उस्मानभाईनं सायकलवाल्याला खाली उतरवलं. "पेढे खाऊ, पण आज नाही. अन् आजपासून चाखायचं काम फक्त साहेबाकडं."

*

मग लागली चिकणमाती. ती काही संपेना. वरून हुकूम आला, मशीन गुंडाळा, पुढच्या गावाला निघा. मी मात्र मातीचा गोळा पाण्यात धुऊन पाहिला. तळाला गोल, घासलेले कण उरले, नदीनं आणलेले. म्हणजे खाली जुन्या नदीची रेती होती. वरचं खारं पाणी आम्ही पाइप घालून अडवलं होतं अन् मधे मातीचा जाड थर होता. खारं खाली उतरणं शक्य नव्हतं. मी वर कळवलं, थोडं थांबा.

उस्मानभाईनं दोर धरला, डोळे मिटले अन् म्हणाला, "हाव. नरम पडून राह्यलं."

"अन् खारंच लागलं तं?" किसनरावांनी विचारलं.

"गोडच लागेल," मी म्हटलं. खरं सांगतो, माझीही पुरती खात्री नव्हती. पण साहेबानं ते दाखवायचं नसतं.

*

एका सकाळी दोर हलका चालायला लागला. रेती आली, पाणी आलं. मी चाखलं अन् पहिली घागर किसनरावांच्या घरी पाठवली. किसनरावांनी तर दाळ शिजायचीही वाट पाहिली नाही, तडक पोराला डोणगावला धाडलं.

दुपारच्या एसटीनं मीरा आली. गल्लीत शिरली तर करपल्याचा वास. यमुनाबाईनं नव्या पाण्यात दाळ चढवली होती अन् नेहमीसारखी शेतात जाऊन आली होती. आम्ही पोचलो तेव्हा पातेलं कोळशासारखं काळं झालेलं अन् म्हातारी कपाळाला हात लावून चुलीपुढं बसलेली.

"जळाली वं माय! नेमकी सुनेपुढंच जळाली."

मीरा दारातच उभी होती. हातातली पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती. ती आत आली, पातेल्यातला वरचा एक दाणा उचलला अन् चिमटीत दाबला. तो मऊ पसरला.

मग पिशवी खुंटीला अडकवली अन् पाट मांडला.

"आत्याबाई, वाढा मले."