चौदावी पायरी

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी वसंतकाका बेसमेंटच्या जिन्याच्या तळाशी सापडले. त्यांच्या मुलीने, मंजिरीने, आधी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग मला फोन केला.

काका पुण्यात एका आर्किटेक्टकडे चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. कल्पना साहेबाची, रेघ यांची. "आमचा हात ओळखू आला की नकाशा वाया गेला," म्हणायचे. अमेरिकेत ॲन आर्बरला मुलीकडे आल्यावर ते रोज बसने मी काम करते त्या लायब्ररीत येत. पेन्सिलीचा आधी वास घेत, मग टोक काढत. तिथेच मी त्यांना एका विसरलेल्या रशियन आर्किटेक्टची कागदपत्रं काढून दिली. क्रांतीपूर्वी त्याने आपल्या देशात रेल्वे स्टेशनं बांधली होती. पुढे पळून डेट्रॉइटला आला आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांचे नकाशे काढत राहिला. इथल्या एकाही इमारतीवर त्याचं नाव नाही. काका त्याला 'आमचे साहेब' म्हणू लागले. त्याचं चरित्र लिहायचं आणि एका तरी नकाशाखाली त्याचं नाव छापायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

साहेबाने स्वतःसाठी आखलेलं घर कधी बांधलंच गेलं नाही. त्या घराच्या नकाशाच्या आठ कागदांपैकी सातवा, जिन्याचा, हरवला होता. तो काकांनी आपल्या मनाने नव्याने आखला.

मी मोजून म्हटलं, "काका, या उंचीला तेरा पायऱ्या बसतात. तुम्ही चौदा काढल्यात."

"उतरताना पाय शोधतो तिला. साहेबांना विचार."

"बाबा, प्लीज हं," त्यांना न्यायला आलेली मंजिरी हसली. "त्यांच्याबरोबर मीटिंग कधी झाली तुमची?"

काका हसले नाहीत.

पंधरा दिवसांनी साहेबाच्या नातीने ट्रंकेत सापडलेला सातवा कागद पाठवला. चौदा पायऱ्या. चौदावीच्या कडेला पेन्सिल टेकल्याचा ठिपका, तोही काकांच्या कागदावर होता तसाच. काकांनी आपला कागद पालथा घातला. "हा नको. साहेबांचाच छाप."

पुढच्या मंगळवारी ते गेले.

"मी वर किचनमध्ये होते," मंजिरी नंतर म्हणाली. "पावलं ऐकू येतात गं. आमच्या बेसमेंटच्या जिन्याला तेराच पायऱ्या आहेत. तेरा ऐकली. मग ते थांबले. मग चौदावं."

चरित्र मी पुरं केलं. सातव्या नकाशाखाली साहेबाचं नाव आहे. काकांचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर त्यांचं नाव लिहायला मी दोनदा पेन्सिल उचलली. कागदावर अजून कुणाचंच नाव नाही.